तेवीस नंबरची पारूबाई

१

शुक्रवारी सकाळी सव्वादहा वाजता भोरमधल्या ‘कृपाझरा’ ट्रस्टच्या कार्यालयातलं लोखंडी कपाट उघडलं, तेव्हा बावीस नंबरच्या फाईलला लागून चोवीस नंबरची फाईल उभी होती. मधली नव्हती.

कपाटाचं कुलूप शाबूत होतं. खिडकीचे गज शाबूत होते. टेबलावरचा संगणक, भिंतीवरचं घड्याळ, सगळं जागच्या जागी. चाळीस कुटुंबांच्या चाळीस फायलींपैकी एकच गेली होती, आणि कोणी चोरावी असं तिच्यात काही नव्हतं. वेल्ह्याच्या वर डोंगरात ढेबेवस्ती नावाची सात घरांची धनगरांची वस्ती आहे. तिथल्या पारूबाई ढेबे यांची ती फाईल. सात वर्षांचे सात फोटो, अंगठा उठवलेल्या सात पोचपावत्या आणि यंदाचा एक अर्ज.

त्या अर्जावर मात्र एका मुलीचं पुढचं आयुष्य अडलं होतं. ढेबेवस्तीतली कोमल बारावी झाली होती. पुण्यातल्या एका नर्सिंग कॉलेजात तिला जागा मिळाली होती. ट्रस्टचं फी भरण्याचं हमीपत्र सोमवारी सकाळी दहापर्यंत पोचलं नाही, तर ती जागा यादीतल्या पुढच्या मुलीला जाणार होती. हमीपत्रावर सही लागणार होती इमॅन्युएल उजागरे यांची, आणि उजागरेसाहेब फाईल पाहिल्याशिवाय कशावरही सही करत नसत.

उजागरे मूळचे नगरकडचे. पुण्यात त्यांचा पाण्याच्या पंपांचा कारखाना होता. नवरा-बायको दोघंही ख्रिस्ती, सुवार्तिक मंडळीतले, रविवारची उपासना न चुकवणारे. हाती आलेलं देवाचं आहे, आपण फक्त पोचवणारे, असं इमॅन्युएल म्हणत, आणि पोचवण्याच्या बाबतीत ते फार काटेकोर होते. वर्षाकाठी तांदूळ, तेल, ब्लँकेटं, पण एका वस्तीत एकच कुटुंब. मदतीचं कार्ड घरातल्या बाईच्या नावावर. तिचा फोटो, तिचा अंगठा. त्यांची पत्नी मार्था हिशेबात पडत नसत. चाळीस बायकांचे फोटो त्यांच्या अल्बममध्ये होते आणि रोज सकाळी एकेकीचं नाव घेऊन त्या प्रार्थना करत.

अकरा वाजता भोरमध्येच राहणाऱ्या रत्नाबाई शिळीमकरांचा फोन वाजला.

“उजागरे बोलतोय. एक फाईल हरवली आहे. पोलिसांत जायची माझी इच्छा नाही, पण न शोधता सही करायचीही नाही.”

“रविवारपर्यंत वेळ द्या,” रत्नाबाई म्हणाल्या.

दोघांची ओळख जुनी होती, आणि ती भांडणातून झाली होती. रत्नाबाई एकतीस वर्षं दस्तनोंदणी कार्यालयात होत्या. खरेदीखत, बक्षीसपत्र, हक्कसोड, जे येईल त्यावर लोकांचे अंगठे उठवून घेणं हे त्यांचं काम. ट्रस्टच्या जागेच्या खरेदीच्या दिवशी उजागऱ्यांचा एक साक्षीदार आला नाही. त्यांनी विनंती केली, रत्नाबाईंनी त्यांना पुण्याला परत पाठवलं. दुसऱ्या दिवशी ते साक्षीदार घेऊन आले, आणि जाताना रत्नाबाईंचा नंबर मागून घेऊन गेले.

२

कार्यालय सांभाळणारी शेफाली तिशीच्या आतली, नीटनेटकी, एरवी हसतमुख मुलगी होती. त्या दिवशी तिचे डोळे सुजलेले होते.

“कपाटाच्या किल्ल्या किती?”

“दोन. एक माझ्याकडे, एक स्वरूपकडे. तो वस्त्यांवर फिरतो. फोटो, पावत्या, वाटप, सगळं तोच करतो.”

“तू तेवीस नंबरची फाईल शेवटची कधी उघडलीस?”

“गेल्या नाताळात. फोटो लावला तेव्हा. त्यानंतर मी हातसुद्धा लावलेला नाही, रत्नाताई. यंदाचा अर्जही स्वरूपनेच भरला आणि त्यानेच आत ठेवला.”

“गुरुवारी कोण कोण आलं होतं?”

“सावळाराम. दहा माणसं घेऊन. आम्ही धर्म बदलायला लावतो म्हणून आरडाओरडा केला. कपाटावर हात आपटले. मी घाबरून मागच्या खोलीत गेले होते, पाचेक मिनिटं.”

सावळाराम वरवे बुद्रुकचा. रत्नाबाईंना तो नसरापूरच्या फाट्यावर चहाच्या टपरीत सापडला.

“गुरुवारी तुम्ही ट्रस्टच्या ऑफिसात गेला होता.”

“लपून न्हाई गेलो. व्हिडिओ काढला, टाकला. तुमी बघितला न्हाई? चार हजार लोकांनी बघितला.”

“काय मागितलंत?”

“यादी. ब्लँकेटं वाटून माणसं बाटवतात का, ते बघायचं हुतं.”

“एखादा बाटलेला सापडला?”

“अजून न्हाई.” त्याने बशीत चहा ओतला. “म्हणून काय शोधायचं थांबायचं?”

“फाईल तुमच्याकडे आहे?”

तो मनापासून हसला. “ताई, माझ्या हातात फाईल असती तर मी गप बसलो असतो व्हय? आत्तापर्यंत पत्रकारांना मिसळ सांगितली असती.”

रत्नाबाईंनी वहीत त्याच्या नावावर रेघ मारली. चोरी करून गप्प बसणं या माणसाला जमणारं नव्हतं.

स्वरूप किकवीला होता. टेम्पोत ब्लँकेटचे गठ्ठे चढवत होता. पस्तिशीचा, उन्हाने रापलेला. किल्ली त्याने न विचारता खिशातून काढून दाखवली.

“बुधवार, गुरुवार मी हितंच होतो. वाटप चालू आहे. पन्नास माणसं सांगतील.”

“मी तुला चोर म्हटलेलं नाही.”

“म्हणणार असाल तर आधीच सांगितलेलं बरं.” त्याने गठ्ठा आत ढकलला. मग वळून विचारलं, “फाईल सापडली नाही तर साहेब सही करणार नाहीत, असंच ना?”

“असंच.”

“आणि सापडली तर करतील?”

“करायला हवी.”

स्वरूपने कपाळाचा घाम पुसला. त्याचा चेहरा हसल्यासारखा झाला, पण तो हसत नव्हता.

“ताई, तुम्ही नाही शोधलीत तर बरं होईल,” तो म्हणाला आणि टेम्पोत चढला.

३

रत्नाबाईंच्या इतक्या वर्षांच्या नोकरीत कागद हरवले की माणसं रडत आली होती. कागद सापडू नये म्हणणारा माणूस त्यांनी पहिल्यांदा पाहिला. फाईल नसली तर कोमलचं नुकसान. असली तरी नुकसान. मग ती नेण्यात फायदा कोणाचा?

शनिवारी सकाळी त्या आंबवड्याला गेल्या. कोमल बारावीसाठी तिथे मावशीकडे राहत होती. अंगणात ती पुण्याला न्यायची पत्र्याची पेटी पुसत होती. सोमवारचं काय होणार हे ठाऊक नसताना पेटी मात्र घासून लख्ख केली होती.

“फाईल गेली हे कळलं?”

“कळलं. शेफालीताईंचा फोन आला होता. रडत होत्या.” कोमलने फडकं खाली ठेवलं. “मी नाही घेतली. घेऊन काय करू? त्यातच माझं सगळं आहे.”

“तू ऑफिसात कधी गेली होतीस?”

“बुधवारी. पत्राला. त्या म्हणाल्या रविवारी साहेब येतील तेव्हा सही होईल. मग माझा दाखला बघितला आणि गप्पच झाल्या. दाखल्यात आईचं नाव बाळाबाई आहे.”

“आणि अर्जात?”

“पारूबाई.”

“पारूबाई तुझी कोण?”

“आमच्याच वस्तीतली. आजी म्हणतो आम्ही.”

“मग अर्जात ती तुझी आई कशी झाली?”

कोमलने पेटीची कडी उघडली, परत लावली. “ते वस्तीत विचारा. मी एकटीनं सांगायचं नाही ते. सगळ्यांचं आहे.”

“सगळ्यांचं म्हणजे?”

तिने फडकं उचलून पेटी पुन्हा पुसायला घेतली.

“शेफालीने आणखी काही विचारलं?”

“एक विचित्रच विचारलं. आईच्या डाव्या अंगठ्याला कापल्याची खूण आहे का म्हणून. म्हटलं, आहे. गवत कापताना विळा लागला होता, मी शाळेत होते तेव्हा. त्या ‘बरं’ म्हणाल्या आणि मला चहा पाजला.”

रत्नाबाई स्कूटरपर्यंत चालत गेल्या आणि तिथेच उभ्या राहिल्या. शेफाली ढेबेवस्तीला कधीही गेली नव्हती. बाळाबाई भोरच्या कार्यालयात कधीही आली नव्हती. म्हणजे ती खूण शेफालीला दिसली असेल तर एकाच ठिकाणी, शाईच्या ठशात. आणि ते ठसे होते नाताळापासून कोणी हातसुद्धा न लावलेल्या फाईलमध्ये.

४

“काढ ती फाईल,” कार्यालयात शिरताच रत्नाबाई म्हणाल्या.

शेफालीने वाद घातला नाही. खांद्याच्या पिशवीतून जेवणाचा डबा काढला, त्याखालून फाईल काढली आणि टेबलावर ठेवली.

“सोमवारी दुपारी परत ठेवणार होते. पत्र कॉलेजात पोचलं की.”

“मग हरवली म्हणून सांगितलंस कशाला?”

“साहेबांनी गुरुवारी संध्याकाळी फोन केला. म्हणाले, तेवीस नंबर टेबलावर काढून ठेव, बघून सही करतो. त्यांनी ती उघडली असती तर कोमलचं नाव तिथल्या तिथे खोडलं असतं. मला वाटलं, फाईलच नसेल तर मॅडमच्या अल्बमवर भागेल.”

“तू उघडलीस म्हणून तुला कळलं. काय कळलं?”

“तेच तर कळत नाहीये, रत्नाताई. तुम्हीच बघा.”

सात पावत्या त्यांनी टेबलावर ओळीने मांडल्या. रत्नाबाईंनी चष्मा पुसला. अंगठा बघायला त्यांना भिंग लागत नसे. माणसाचा अंगठा झिजतो, चिरतो, जाड होतो, पण चक्राचा शंख होत नाही. पहिल्या वर्षी शंख होता, उजवीकडे झुकलेला. दुसऱ्या वर्षी नीट गोल चक्र. तिसऱ्या वर्षी पुन्हा शंख, पण अर्ध्या आकाराचा, एखाद्या लहानखुऱ्या बाईचा. चौथ्या ठशावरून पांढरी रेघ आडवी गेली होती, विळ्याची. पुढच्या तिघी आणखी वेगळ्या.

सात पावत्यांवर सात बायका. खाली सातही वेळा एकच नाव, पारूबाई ढेबे.

“फोटो,” रत्नाबाई म्हणाल्या.

फोटोत मात्र एकच बाई दिसत होती. तेच हिरवं लुगडं, तोच डोक्यावरून कपाळापर्यंत ओढलेला पदर, दारात तशीच उकिडवी बसलेली. तिसऱ्या फोटोत तर तोंडाला मास्क, तो त्या साथीच्या वर्षाचा.

“लुगडं मार्थामॅडमनी पहिल्या वर्षी पाठवलेलं,” शेफाली म्हणाली. “स्वरूप दर वर्षी सांगतो, मॅडमचं लुगडं नेसून बसा, त्यांना बरं वाटेल.”

रत्नाबाई फोटो मागेपुढे करत राहिल्या. पहिल्या फोटोत दाराच्या अगदी उजवीकडे उंबराचं झाड होतं. दुसऱ्यात ते थोडं लांब होतं. चौथ्यात त्याचा फक्त शेंडा दिसत होता. सातव्यात झाड नव्हतंच. झाड दर वर्षी बाईपासून लांब चाललं होतं. झाडं चालत नाहीत एवढं त्यांना माहीत होतं, पण याचा अर्थ काय ते कळत नव्हतं. खोट्या बायका उभ्या करून माल लाटायचा असेल तर कोणी दर वर्षी नवी बाई आणत नाही. एकच पढवलेली बाई पुरते.

“तुम्ही साहेबांना सांगणार?”

“सांगणार. मला शोधायला बोलावलंय, लपवायला नाही.”

“मग कोमलचं?”

रत्नाबाईंनी फोन उचलला. पलीकडे उजागऱ्यांनी सगळं ऐकून घेतलं. मग म्हणाले, “उद्या उपासनेनंतर निघतो. हमीपत्राचा कोरा कागद आणि शाईची पेटी बरोबर घ्या. मला ती बाई बघायची आहे. जी कोणी असेल ती.”

५

रविवारी दुपारी वेल्ह्याच्या पुढे डांबर संपलं. जीपमध्ये पुढे इमॅन्युएल आणि ड्रायव्हर, मागे मार्था, रत्नाबाई आणि शेफाली. सगळ्यात मागे पारूबाईच्या नावाचं यंदाचं वाटप: तांदळाचं पोतं, तेलाचा डबा, ब्लँकेटं. स्वरूप मोटरसायकलवर मागून येत होता. त्याला उजागऱ्यांनी एकच प्रश्न विचारला होता, आणि त्याने एकच उत्तर दिलं होतं.

“तुला माहीत होतं?”

“दुसऱ्या वर्षापासून, साहेब. पण फॉर्मात एकाच घराची जागा आहे.”

मार्थाबाईंच्या मांडीवर अल्बम होता.

“मला कधीकधी वाटायचं,” त्या रत्नाबाईंना हळूच म्हणाल्या, “ही बाई एका वर्षी थकलेली दिसते, दुसऱ्या वर्षी तरणी. मी म्हणायचे, प्रार्थनेचा गुण आहे.”

पुढच्या सीटवर इमॅन्युएल हसले नाहीत. “सात वर्षं आपण खोट्या नावाला देतोय, मार्था. गुण कसला?”

“खोट्या नावाला नाही. पारूबाई आहे ना. की तीही नाही?” त्यांनी रत्नाबाईंकडे पाहिलं. “मी कोणासाठी गुडघे टेकत होते, एवढंच मला कळू द्या.”

जीप खिंडीत थांबली. पुढे पायवाट होती. वाटेवरच्या झऱ्याशी एक मध्यमवयीन बाई हंडा भरत होती.

“पारूबाई ढेबे कुठं राहतात?” रत्नाबाईंनी विचारलं.

बाईने हंडा काठावर टेकवला. जीपकडे पाहिलं, उजागऱ्यांच्या बुटांकडे पाहिलं, मग अगदी सरळपणे विचारलं:

“कंची पायजे? औंदाची, का गेल्या सालची?”

६

ती ठकुबाई. हंडा डोक्यावर घेऊन तिनेच त्यांना वस्तीवर नेलं.

सात घरं एका रांगेत होती. रांगेच्या एका टोकाला उंबर. दुसऱ्या घराच्या दाराला एक गुळगुळीत झालेली काठी टेकवून ठेवली होती. बाकी कोणाच्या दाराला काठी नव्हती.

“ही कसली?” रत्नाबाईंनी विचारलं.

“गुरांची. आमच्या सातबी घरांची गुरं एकत्र चरत्यात. आज राखायची पाळी माझ्या घराची. सांजच्याला काठी शेजारच्या दाराला लावायची, उद्या त्येंची पाळी. आमचं गडी गेल्यात गुरांमागं.”

रत्नाबाईंनी घरांसमोरच्या छोट्या देवळाकडे पाहिलं. “आणि देवळातला दिवा?”

“त्योबी पाळीनं. झऱ्याचं पाणी उन्हाळ्यात पाळीनं. मीटर एकच हाय, पारूआत्याच्या नावावर, बिल पाळीनं.” ठकुबाईला या प्रश्नांचं नवल वाटत होतं. “दुसरं कसं करत्यात?”

रत्नाबाईंनी मार्थाबाईंकडून अल्बम घेतला. उंबराजवळच्या पहिल्या घरापासून चालायला लागल्या. प्रत्येक दारापाशी थांबून एकेक फोटो समोर धरला. पहिला फोटो पहिल्या दारातला. दुसरा दुसऱ्या. सातव्या दारातून उंबर दिसत नव्हता.

“झाड चालत नव्हतं, साहेब,” त्या परत येऊन म्हणाल्या. “बाई चालत होती. दर वर्षी एक दार पुढे. सात दारं, सात अंगठे. यात चोरी नाही. यांनी तुमचं दान पाळीला लावलं.”

तोवर बायका दारांत येऊन उभ्या राहिल्या होत्या. पहिल्या घरातून सत्तरीची, ताठ कण्याची एक म्हातारी बाहेर आली. हातभर गोंदण.

“म्याच पारूबाई,” ती म्हणाली. “पयल्या सालची. बसा की. उनाचं आलाया.”

इमॅन्युएल बसले नाहीत. “आजी, आम्ही तुमच्या घराला दिलं होतं. तुम्ही दुसऱ्यांना तुमच्या नावाने बसवलंत. अंगठे उठवलेत. याला फसवणूक म्हणतात.”

“आवं, ह्यो पोरगा आला,” पारूबाईने स्वरूपकडे बोट केलं, “म्हनला वस्तीत एकच घर घेनार. एकाचं नाव सांगा. आमी म्हनलं, मीटर माज्या नावाव हाय, ह्येबी लिवा. नाव एकाचं लागतंयच कागदाला. पर आल्यालं एकानंच खायचं आसं त्यो न्हाई बोलला. बोलला का रं?”

“नाही बोललो,” स्वरूप म्हणाला.

“मग झालं तर.”

“आणि कोमल?” उजागऱ्यांनी विचारलं. “ती तुमची मुलगी म्हणून लिहिलीय.”

“सात सालं झाली. औंदा पाळी फिरून माज्या दारात आली. मला काय करायची शाळा? माजी पाळी म्या बाळाबाईला दिली. तिची पोर शिकतीया.”

चौथ्या घराच्या दारातली बारीक चणीची बाई मान खाली घालून उभी होती. तिच्यामागे कोमल. ती सकाळच्या एसटीने वर आली होती आणि पेटी तिने आंबवड्याहून बरोबर आणली होती.

मार्थाबाई पुढे झाल्या. “पारूबाई, मी सात वर्षं रोज तुमचं नाव घेऊन देवाला सांगते. ते कोणाला पोचलं?”

म्हातारीने नीट विचार केला. “माज्या नावानं आलं, म्हंजी पाळीनं गेलं आसंल. तुमच्या देवाला सात घरं मोजाय येत असतील की.”

दारातल्या एकीने पदर तोंडाला लावला. मार्थाबाईंना हसू आलं आणि ते त्यांनी लपवलं नाही. इमॅन्युएल मात्र बाजूला जाऊन उंबराखाली थोडा वेळ उभे राहिले. परत आले तेव्हा त्यांचा निर्णय झाला होता.

“मी खोट्यावर सही करणार नाही. खरं लिहा, मी आत्ता सही करतो. पारूबाईंचं नाव कमी करायचं. यापुढे या वस्तीतलं एकच कुटुंब, बाळाबाई ढेबे. तिचाच फोटो, तिचाच अंगठा, तिलाच वाटप, तिचीच मुलगी कॉलेजला. बाकीची घरं नाहीत. मान्य असेल तर अंगठा लावा. नसेल तर पत्र नाही.”

बाळाबाई वर बघेना.

“मला न्हाई जमायचं,” ती शेवटी म्हणाली. “समद्यांच्या तोंडचं म्या एकटीनं...”

“आई,” कोमल म्हणाली आणि तिने आईचा पदर धरला.

“लाव की गं अंगठा,” ठकुबाई ओरडली. “पोरगी काय आता माज्यासंगट गुरांमागं जानार हाय?”

“फुडल्या साली तुजी पाळी हुती, ठके,” बाळाबाई म्हणाली.

“हुती. म्हून मीच सांगतीया. लाव.”

पारूबाईने बाळाबाईचं मनगट धरलं आणि तिला रत्नाबाईंसमोर आणून बसवलं. शेफालीने कागद भरला. रत्नाबाईंनी शाईची पेटी उघडली, बाळाबाईचा डावा अंगठा हातात घेतला. तो थंड होता. शाईवर फिरवला, कागदावर दाबला. मधोमध पांढरी रेघ उठली. इमॅन्युएलनी खाली सही केली, तारीख घातली आणि पत्र स्वतःच्या हाताने कोमलला दिलं.

“शेफाली, तुझ्याबद्दल सोमवारी बोलू,” ते म्हणाले. शेफालीने मान हलवली.

ड्रायव्हर आणि स्वरूपने तांदळाचं पोतं, डबा, ब्लँकेटं खिंडीतून आणून बाळाबाईच्या दारात ठेवली. एरवी वाटप आलं की सगळ्या बायका गोळा होत. आज एकेक करून आपापल्या घरात गेल्या. रागाने नाही. त्यांचा त्या पोत्याशी संबंध उरला नव्हता, एवढंच. बाळाबाई पोत्यापाशी एकटी उभी राहिली.

पाहुणे निघाले. दहा पावलं गेल्यावर मागे पत्र्याचा आवाज झाला. बाळाबाईने घरातून मापटं आणलं होतं. तिने विळ्याने पोत्याची शिवण उसवली आणि हाक मारली.

“पारूआत्या, टोपलं आना. ठके, तुजं कुठाय?”

दारं उघडली. कोणी बाहेर मात्र आलं नाही. सगळ्या उजागऱ्यांकडे पाहत होत्या.

इमॅन्युएल वळले. “थांबा. आत्ताच काय ठरलं? वाटप फक्त तिला.”

“तिलाच दिलंत,” रत्नाबाई म्हणाल्या. “अंगठा तिचा, माल तिचा. मी एकतीस वर्षं बक्षीसपत्रं नोंदवली, साहेब. देणाऱ्याने दिलं, घेणाऱ्याने घेतलं, की पुढे घेणारा त्याचं काय करतो हे नोंदणीत विचारत नाहीत. विचारायचं असेल तर त्याला दान म्हणता येत नाही. दुसरा दस्त करावा लागतो.”

“कोणता?”

“नोकरीचा.”

इमॅन्युएलनी खिशातून रुमाल काढला, चष्मा पुसला, आणि तो न घालताच हातात धरून उभे राहिले. त्यांच्यासारख्या माणसाने कागदातली फट शोधायला एवढा वेळ घ्यावा, याचंच रत्नाबाईंना नवल वाटलं. फट नव्हती.

मार्थाबाई त्यांची वाट न पाहता मागे गेल्या. बाळाबाईला एका हाताने पोतं सावरत दुसऱ्या हाताने माप भरता येत नव्हतं. त्यांनी पोत्याचं तोंड दोन्ही हातांनी धरलं.

पहिलं टोपलं पारूबाईने पुढे केलं.

कोमल त्यातलं काही बघायला थांबली नाही. पाहुणे कधी निघतील याचा भरवसा नव्हता, आणि वेल्ह्याहून पुण्याची शेवटची गाडी पाच वाजता सुटते. पत्र घडी न करता वहीत ठेवून, पेटी खांद्यावर घेऊन ती खिंडीच्या वाटेला लागली होती.